कारणाचा रकाना

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून मुलाखतीत यशस्वी होण्याची सूत्रं हवी होती. मी म्हटलं, सूत्रं शिकवणारे क्लास कोथरूडमध्ये गल्लीगणिक दोन आहेत, त्यांना विचारा. मला लिहायचंच असेल तर मी उमेदवारांच्या पोटातल्या आवाजांवर लिहीन. ते म्हणाले, "विनोदी लिहाल ना?"

"नाही," मी म्हटलं, "वैतागून लिहीन."

सव्वीस वर्षं मी मनुष्यबळ विभागात आहे. आमची कंपनी कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवते. कारखाना शहराबाहेर आहे आणि ऑफिस कोथरूडमध्ये, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. माझं काम माणसं निवडण्याचं, म्हणजे खरं तर निवडणाऱ्यांना एका खोलीत वेळेवर आणून बसवण्याचं. टेबलाच्या या बाजूला आम्ही दोघं-तिघं, त्या बाजूला एकटा उमेदवार. तिथं ज्ञान तपासलं जातं असा लोकांचा समज आहे. तपासलं जातंही. पण ज्ञानाच्या आधी एक घाबरलेलं शरीर आत येतं आणि त्याला आमच्या फॉर्मशी काही देणंघेणं नसतं.

एक मुलगा सकाळपासून काही न खाता आला होता. प्रश्न सुरू झाले आणि त्याचं पोट असं गुरगुरायला लागलं, की पॅनेलमधल्या एकानं खिशातून स्वतःचा मोबाईल काढून बघितला. स्टोअर्सच्या जागेसाठी आलेले एक पोक्त गृहस्थ शिंकले आणि त्यांची वरची कवळी आमच्या ब्रोशरवर येऊन पडली. मी तिच्यावर फाईल उघडून ठेवली आणि बाकीच्यांना म्हटलं, चला, आपण पाच मिनिटं पाणी पिऊन येऊ. परत आलो तेव्हा कवळी जागेवर होती आणि गृहस्थ पुढचं वाक्य बोलत होते. आणखी एकदा खोलीत अचानक असा वास पसरला, की तीन इंजिनिअर आणि मी, चौघांनी एकाच वेळी एसीकडे पाहिलं. उमेदवारानंही अत्यंत गंभीरपणे एसीकडेच पाहिलं. तो आज आमच्याकडे गळती तपासणीच्या विभागात आहे आणि काम उत्तम करतो.

हल्ली निम्म्या मुलाखती कॅमेऱ्यावर होतात. तिथं माणूस मध्येच गायब होतो आणि दहा मिनिटांनी उगवून म्हणतो, "सॉरी मॅम, नेटवर्क गेलं होतं." या शहरात नेटवर्कनं जेवढ्यांची अब्रू राखली तेवढी वकिलांनीही राखली नसेल. समोरासमोरच्या मुलाखतीत मात्र नेटवर्क जात नाही. तिथं तोंडानं सांगावं लागतं, आणि माझा सगळा वैताग इथंच आहे. "मला जरा जाऊन यायचंय" हे वाक्य बोलायला काय लागतं? इंजिनिअर झालेली माणसं ते बोलत नाहीत. घाम पुसतात, पाय एकावर एक घट्ट आवळतात, पांढरी पडतात, पण उठत नाहीत. क्लासमध्ये त्यांना सांगितलेलं असतं, मधूनच उठलात तर मार्क जातात.

म्हणून मी माझ्या टेबलाचा एक खण तयार ठेवला होता. सेफ्टी पिना, सॅनिटरी पॅड, साखर-मिठाची पाकिटं, उलटीवरच्या गोळ्या, पुरुषांचे काळे मोजे, एक मोठी गडद ओढणी. या खणाचा मला फार अभिमान होता. आपण अशा प्रसंगांना तयार आहोत, असं मी बैठकांमध्ये सांगायचे. खण माझ्या टेबलाला होता, टेबल माझ्या केबिनमध्ये होतं, आणि तो आहे हे माझ्याखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला प्रणाली वानखेडे यावी लागली.

प्रणाली मूळची यवतमाळची. पुण्यात विश्रांतवाडीला मामांकडे राहून नोकरी शोधत होती. सहा महिने झाले होते, आणि दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर परत जायचं असं घरी ठरलं होतं. हे तिनंच फॉर्मवर लिहिलं होतं. तसा प्रश्न नव्हता, तरी लिहिलं होतं. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. जागा एकच होती, डिझाइन विभागातली. मुलाखतीची वेळ सकाळी अकरा.

डिझाइनचे प्रमुख जोगळेकर त्या दिवशी कारखान्यात अडकले. अकराचे साडेबारा झाले, साडेबाराचे दीड. मी दर अर्ध्या तासानं बाहेर डोकावून "बसा हं, येतीलच" म्हणत होते. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पाच मुलगे आणि ती. जोगळेकर अडीच वाजता आले आणि यादीत पहिलं नाव तिचं होतं.

जोगळेकरांची एक पद्धत आहे. प्रत्येक उमेदवाराला ते फळ्यापाशी पाठवतात आणि व्हॉल्व्हचा उभा छेद मनानं काढायला सांगतात. "हातात मार्कर दिल्याशिवाय माणूस कळत नाही," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. प्रणालीनं तोंडी प्रश्नांची उत्तरं व्यवस्थित दिली होती. मग ते म्हणाले, "चला, फळ्यावर काढा."

ती जागची हलली नाही. "सर, मी कागदावर काढू का?"

"कागद नको. फळा."

"इथं बसूनच काढते ना, सर. मोठं काढते."

जोगळेकरांनी मार्कर टेबलावर ठेवला. "वानखेडे, कारखान्यात तुम्ही खुर्ची घेऊन फिरणार आहात का?"

ती फाईल मांडीवर घट्ट धरून बसली. आमच्या फॉर्मवर एक ओळ आहे, 'सूचना दिल्यावर तत्परतेनं कृती'. ती ओळ मीच घातलेली. तिथं मी दहापैकी दोन लिहिले. निकालापुढे 'नाही' लिहिलं आणि त्यापुढच्या कारणाच्या रकान्यात 'सूचना पाळत नाही'. अडीच वाजून गेले होते, मी जेवले नव्हते, आणि मी त्या मुलीकडे नाही, फॉर्मकडे बघत होते. ही सबब नाही. पन्नाशीची बाई होते मी. मला कळायला हवं होतं.

"या तुम्ही," जोगळेकर म्हणाले.

"हो सर." पण ती बसूनच राहिली.

"काही विचारायचंय?"

"नाही सर." मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही आधी जाणार का?"

जोगळेकर माझ्याकडे बघून हसले. "अहो, ऑफिस आमचं आहे!" मग घड्याळ बघत म्हणाले, "चला मॅडम, जेवून घेऊ. बाकीचे नंतर." आम्ही उठलो. दारातून बाहेर पडताना मी तिला म्हटलं, "जाताना दार ओढून घ्या." हे माझं तिच्याशी त्या दिवशीचं समोरासमोरचं शेवटचं वाक्य.

जेवण अर्ध्यावर असताना मंदाताई आल्या. मंदाताई आमच्याकडे साफसफाई बघतात, मुळशीकडच्या आहेत. "मॅडम, जरा येता?" त्या कधी जेवताना उठवत नाहीत, म्हणून मी उठले.

मुलाखतीच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. खुर्च्या तेव्हा फिकट बदामी कापडाच्या होत्या. त्या कुणी निवडल्या होत्या हे सांगायला नको. टिश्यूचा अख्खा डबा रिकामा झाला होता. लाल डाग पसरून ओला झाला होता, पण गेला नव्हता.

"पोरीनं पुसायचा लई प्रयत्न केलाय," मंदाताई म्हणाल्या. "सकाळपासनं बसलीवती. दोनदा दारापाशी गेली आन् माघारी येऊन बसली."

"मग मला नाही का सांगायचं, मंदाताई?"

"तुमी मिटिंगीत. आन् तिला दार कोण उघडणार? माझं कार्ड मला तेवढंच चालतंय."

त्या दाराबद्दल सांगायला हवं. आमच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह कार्डानं उघडणाऱ्या दाराच्या आत आहे. बाहेरच्या माणसाला जायचं असेल तर गार्डकडून तात्पुरतं कार्ड घ्यावं लागायचं आणि त्यासाठी रजिस्टर होतं. नाव, वेळ, कारण, सही. एकदा आतून एक लॅपटॉप चोरीला गेला, तेव्हा हे रजिस्टर मी सुरू केलं. कारणाचा रकानाही माझाच.

मी जाऊन रजिस्टर उघडलं. बारा वाजून दहा मिनिटं, प्रणाली वानखेडे. पुढे कारणाचा रकाना कोरा, आणि सबंध ओळीवर एक रेघ.

"हे काय आहे?" मी गार्डला विचारलं.

"त्या मॅडम कार्ड मागत होत्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, राहू द्या."

"विचारायचं कशाला? बाईमाणूस आत कशाला जाणार, व्हॉल्व्ह बनवायला?"

"मॅडम, कारण घेतल्याशिवाय कार्ड द्यायचं नाही, असं तुम्हीच लिहून लावलंय." त्यानं माझ्या सहीची नोटीस दाखवली. गार्डच्या टेबलापासून त्या पाच मुलांच्या खुर्च्या चार फुटांवर होत्या.

संध्याकाळी मी तिला फोन केला. तिसऱ्यांदा उचलला.

"मॅडम, खुर्ची खराब झाली ना? सॉरी."

"खुर्चीचं सोडा. तुम्ही घरी पोचलात का नीट?"

"फाईल मागं धरून आली." मग एकदम, "तुम्ही त्या सरांना सांगाल तर नाही ना?"

"तेच विचारायला फोन केला. सांगितलं तर उद्या पुन्हा मुलाखत घेतील. न सांगता अवघड आहे."

"नका सांगू, मॅडम. मला नोकरी नको. उद्या तिथं लागली तरी ते मला पाहतील तर तेच आठवेल त्यांना. मी नाही येऊन राहिली."

"ऐका जरा. मी काही सांगणार नाही. पण शुक्रवारी अकराला तुम्ही यायचं. मी दारात उभी असेन."

"जमेल का, मॅडम?"

"ते मी बघते. तुम्ही छेद काढायचा सराव करा."

मी मोठ्या तोऱ्यात बोलले खरी, पण वाट बंद होती आणि ती मीच बंद केली होती. नाकारलेल्या उमेदवाराला वर्षभर परत बोलवायचं नाही, असा आमचा नियम. अपवाद करायचा तर वेगळा कागद, त्यावर लेखी कारण आणि विभागप्रमुखाची सही. पूर्वी साहेबांचे भाचे दोन-दोनदा मुलाखतीला यायचे, ते थांबवण्यासाठी मी हा कागद काढला होता. फार हुशारीचा वाटला होता तेव्हा.

तोच कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी जोगळेकरांसमोर बसले.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"व्यवस्थेत चूक झाली. चूक माझी."

"मॅडम, व्यवस्था म्हणजे काय? फळा होता, मार्कर होता, मी होतो."

"तुम्ही अडीचला होतात. ती अकराला होती."

"ते मी कळवलं होतं."

"मला कळवलं होतंत. आता मी कारण लिहिते, तुम्ही बघा बरोबर आहे का." मी पेन काढलं आणि मोठ्यानं वाचत लिहायला घेतलं. "पॅनेलप्रमुख साडेतीन तास उशिरा आल्यामुळे—"

"थांबा, थांबा. हा कागद डायरेक्टरांकडे जातो ना?"

"जातो."

"अहो, एवढं तपशिलात कशाला?"

"कारणाचा रकाना आहे, सर. भरावा लागतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. जोगळेकर कडक आहेत, मूर्ख नाहीत. त्यांना दोन मुली आहेत. चष्मा परत चढवून म्हणाले, "लिहा, मुलाखत अपूर्ण राहिली." आणि सही केली. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी मी पावणेअकरापासून दारात उभी. अकराला पाच कमी असताना ती आली. गडद निळा ड्रेस, तीच फाईल. मी तिला आधी आत नेलं, स्वच्छतागृह दाखवलं, खण दाखवला. ती खणाकडे बघत राहिली. "हे त्या दिवशी होतं, मॅडम?"

"होतं."

तिनं खण हळूच लोटून बंद केला. मला कुणी चारचौघांत झापलं असतं तर चाललं असतं.

जोगळेकर वेळेवर आलेले. ती खुर्चीशी गेली, बसली नाही. त्यांनी काही विचारायच्या आत मार्कर उचलला आणि फळ्यापाशी गेली. आमच्याकडे पाठ करून वीस मिनिटं काढत होती. दाब वाढला की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह. बॉडी, स्प्रिंग, सीट, एकेक भाग, शेजारी नावं. शेवटी तिनं प्रवाहाचा बाण काढला.

"इथं चुकलात," जोगळेकर म्हणाले. "बाण बघा."

तिनं बघितलं. "बरोबर आहे, सर."

"आमचं ब्रोशर बघा. मॉडेल तेच आहे."

"ब्रोशरमध्ये उलटा छापलाय, सर. पान सहा."

मी ब्रोशर काढलं. जोगळेकरांनी ते माझ्या हातातून घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. ते ब्रोशर चार वर्षं गिऱ्हाइकांना जात होतं. पानावर त्यांचंच नाव होतं, तपासणारा म्हणून.

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

"त्या दिवशी, सर. बाहेर टेबलावर तेवढं एकच वाचायला होतं. साडेतीन तास."

जोगळेकरांनी ब्रोशर मिटलं. मग जो प्रश्न येणार म्हणून मी तीन दिवस धास्तावले होते, तो आला. "त्या दिवशी का नाही उठलात?"

मी तोंड उघडलं, पण ती माझ्या आधी बोलली. "त्या दिवशी जमत नव्हतं, सर. आज जमलं."

त्यांनी मान डोलावली आणि फॉर्म ओढला. निकालापुढे 'हो' लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं: 'ब्रोशर दुरुस्त करावे.' डायरेक्टरांनी त्यावर मला फोन करून विचारलं, हे निवडीचं कारण आहे का? मी म्हटलं, "हो."

त्यानंतर मी गार्डचं रजिस्टर बदललं. नाव आणि वेळ, बस. मुलाखतीच्या पत्रात एक ओळ घातली: स्वच्छतागृह डाव्या हाताला, कार्ड गार्डच्या टेबलावर ठेवलेलं असतं, विचारायची गरज नाही. खणातलं सामान उचलून स्वच्छतागृहातल्या फळीवर ठेवलं. ही सगळी कामं एका दुपारची होती. त्या दुपारला सव्वीस वर्षांतली बरीच वर्षं लागली. किती जणी तशाच पाठीमागे फाईल धरून गेल्या असतील आणि मी त्यांच्या नावापुढे 'आत्मविश्वास कमी' लिहिलं असेल, तेही आता कळायचा मार्ग नाही.

खुर्च्या बदलायला मात्र त्रास झाला. खरेदी विभागानं कारण मागितलं. मी लिहिलं, डाग. त्यांनी विचारलं, कसले? मी लिहिलं, चहाचे. खुर्च्या गडद निळ्या आल्या, आणि त्यांच्यासोबत नोटीस आली: मुलाखतीच्या खोलीत यापुढे चहा नेऊ नये. एवढं रामायण करून मी एका खोलीतला चहा घालवला. तो आजतागायत बंद आहे.

प्रणालीला आमच्याकडे आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा पॅनेलवर बसली, जोगळेकरांच्या डाव्या हाताला. पहिला उमेदवार आत यायचा होता. तिनं भिंतीवरची नोटीस वाचली.

"मॅडम, या खोलीत चहा का बंद आहे?"

"खुर्च्यांवर सांडतो."

"कधी सांडला होता?"

मी पेनाचं टोपण काढायला लागले. तेवढ्यात जोगळेकर फॉर्मवरून नजर न उचलता म्हणाले, "सांडला होता एकदा. मी इथंच होतो, माझ्यासमोर सांडला."

त्यांच्यासमोर काहीही सांडलं नव्हतं. फळ्यावरचा बाणसुद्धा तपासून घेणारा माणूस, धडधडीत खोटं बोलला आणि पुढचं पान उलटलं. प्रणालीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग निळ्या खुर्चीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला आणि दार उघडून उमेदवाराला आत घेतलं.

तिशीचा माणूस, कडक इस्त्री, कपाळावर घाम.

"बसा," ती म्हणाली. "त्याआधी जाऊन यायचंय का? डाव्या हाताला आहे."

"नाही नाही, मॅम. मी अगदी ठीक आहे."

तो बसला. पाय एकावर एक आवळले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्या गुडघ्यानं बारीक थरथरत होता.

"अहो, जाऊन या!" आम्ही तिघंही एकदमच ओरडलो.